जुन्या इमारती, ॲस्बेस्टॉस आणि एका परवान्याचा इतिहास

इंग्लंडमधील एखाद्या जुन्या शाळेच्या तळघरात बॉयलरपासून वर्गावर्गांत ऊब नेणाऱ्या नळ्या असतात. त्या नळ्यांवर पांढुरक्या, चिवट लेपाचे जाड वेष्टण चढविलेले असते. समजा, ते वेष्टण आता फाटले, ओघळले आणि काढून टाकावयाचे ठरले. कुणालाही वाटेल की, दोन गडी, एक करवत आणि चार पोती एवढ्या सामग्रीवर हे काम एका दुपारी उरकेल. १९६० च्या सुमारास ते तसेच उरकत असे. आज मात्र त्या तळघरात पाऊल टाकण्यापूर्वी कंत्राटदाराजवळ सरकारचा परवाना असावा लागतो; कामाच्या किमान १४ दिवस आधी संबंधित खात्याला लेखी सूचना द्यावी लागते; कामाचा आराखडा लिहून ठेवावा लागतो; आणि काम संपल्यावर त्रयस्थ तज्ज्ञाने हवा तपासून दाखला दिल्यावाचून त्या जागेचे दार कुणालाही उघडता येत नाही.

एका नळीच्या वेष्टणासाठी एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. सरकारी कागदांची हौस हे त्याचे उत्तर नव्हे. या परवान्याच्या मागे सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे. आणि तो इतिहास, जे आधीच ठाऊक होते ते मान्य करावयास माणसाला किती काळ लागतो, याचा इतिहास आहे.

ॲस्बेस्टॉस हे मोठे विलक्षण खनिज आहे. दगड असून ते कापसाप्रमाणे पिंजता येते, त्याचे सूत काढता येते, त्या सुताचे कापड विणता येते. आणि ते कापड आगीत टाकले तरी जळत नाही. न विझणारे, अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. आगीत राहणाऱ्या सॅलॅमँडर नामक प्राण्याच्या लोकरीचे हे कापड असते, अशी समजूत युरोपात दीर्घकाळ होती. तेराव्या शतकात पूर्वेकडे गेलेल्या मार्को पोलो याने, हा प्राणी नव्हे, तर जमिनीतून खणून काढलेला पदार्थ होय, असे स्पष्ट सांगून ठेवले. तथापि, तोवर हे सारे नवलाचे विषय होते. एकोणिसाव्या शतकात वाफेची यंत्रे आली, भट्ट्या आल्या, आगबोटी आल्या, आणि उष्णता कोंडून धरणाऱ्या वस्तूची गरज एकाएकी वाढली. १८७० नंतरच्या दशकात कॅनडातील क्वेबेक प्रांतात मोठ्या खाणी सुरू झाल्या. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यातील रॉचडेल गावी टर्नर बंधूंच्या कापडगिरणीत १८७९ पासून यंत्रावर ॲस्बेस्टॉसचे कापड विणले जाऊ लागले. ज्या कसबाने कापसाचे सूत निघत होते, त्याच कसबाने दगडाचे सूत निघू लागले.

या खनिजाचे गुण आणि त्याचे दोष एकाच मुळातून निघतात, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. ॲस्बेस्टॉसचा तंतू उभा चिरत जातो. एका तंतूचे दहा, दहाचे शंभर, असे करता करता तो इतका बारीक होतो की, डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही, आणि हवेत तासन् तास तरंगत राहतो. श्वासावाटे तो फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतो. आगीला जो दाद देत नाही तो शरीरातील रसांनाही दाद देत नाही. तो विरघळत नाही, तेथेच रुतून बसतो. हळूहळू फुफ्फुसाचा मऊ स्पंज राठ होत जातो, धाप लागते, आणि पुढे कर्करोगही होऊ शकतो. परंतु यातील काहीच ताबडतोब घडत नाही. आज श्वासात गेलेल्या धुळीची वसुली बहुधा वीस, तीस, क्वचित पन्नास वर्षांनी होते. रोग आणि त्याचे कारण यांच्यात एवढा काळ लोटला की, त्या दोघांची ओळख पटविणारा साक्षीदार मिळत नाही.

तरीही साक्ष देणारे निघालेच. १८९८ मध्ये ब्रिटिश सरकारच्या कारखाना-निरीक्षक ल्यूसी डीन यांनी आपल्या अहवालात या धुळीचा उल्लेख केला. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तिचे कण काचेसारखे धारदार व करकरीत दिसतात, आणि जेथे ते हवेत राहू दिले जातात तेथे त्यांचा अपाय झालेला आढळतो, अशा आशयाची नोंद त्यांनी केली. पुढच्याच वर्षी लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात डॉक्टर माँटेग्यू मरी यांच्यापुढे ३३ वर्षांचा एक कामगार धापा टाकीत आला. त्याने चौदा वर्षे ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काढली होती. त्यांपैकी दहा वर्षे पिंजणखात्यात. त्या खात्यात काम करणाऱ्या दहा जणांपैकी आपण एकटेच उरलो आहोत, असे त्याने डॉक्टरांना सांगितले. पुढे तोही गेला. डॉक्टर मरी यांनी ही हकीकत १९०६ मध्ये कामगारांच्या नुकसानभरपाईविषयीच्या सरकारी समितीपुढे कथन केली. समितीने ती ऐकून घेतली; पण भरपाईस पात्र अशा रोगांच्या यादीत या रोगाची भर पडली नाही. एका माणसावरून नियम करावयाचा नसतो, असे त्या वेळच्या शहाण्यांना वाटले असावे. पण तो एक माणूस दहांपैकी शेवटचा होता, हे गणित कुणी मांडले नाही.

यादीत नाव नसणे म्हणजे काय, याचा अनुभव रॉचडेलमधील नेली कर्शॉ हिला आला. ती टर्नर बंधूंच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचे सूत काढीत असे. १९२२ मध्ये ती इतकी आजारी पडली की, तिला कामावर जाणे अशक्य झाले. तिच्या डॉक्टरांनी ॲस्बेस्टॉसची बाधा असे निदान लिहून दिले आणि त्या निदानानेच तिची कोंडी झाली. आजारपणाचा विमा मिळेना, कारण हा आजार कामामुळे झाला होता. आणि कारखान्याकडून भरपाई मिळेना, कारण कामामुळे होणाऱ्या आजारांच्या अधिकृत यादीत त्याचे नावच नव्हते. नऊ आठवडे घरी बसून आहे, एक पेनीही मिळालेली नाही, असे तिने मालकांना लिहून विचारले. १४ मार्च १९२४ रोजी ३३ व्या वर्षी ती मरण पावली. तिच्या फुफ्फुसांची तपासणी डॉक्टर विल्यम कूक यांनी केली, आणि त्यांतील तंतूंविषयी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध लिहिला. १९२७ मध्ये त्यांनी या रोगाला ॲस्बेस्टोसिस हे नाव दिले. जिवंतपणी जिच्या आजाराला कुणी नाव देईना, तिच्या मृत्यूने वैद्यकशास्त्राला ते नाव मिळाले.

नाव मिळाल्यावर मोजदाद सुरू झाली. कारखाना खात्यातील डॉक्टर मेरेवेदर आणि अभियंते प्राइस यांनी ३६३ कामगारांची तपासणी करून १९३० मध्ये अहवाल सादर केला. चौथ्या हिश्श्याहून काहीसे अधिक कामगार फुफ्फुसाच्या विकाराने ग्रस्त असल्याचे आढळले; आणि ज्यांची नोकरी वीस वर्षांहून जास्त झाली होती, त्यांच्यात तर हे प्रमाण शेकडा ऐंशीच्या घरात गेले. एवढ्या आकड्यांपुढे मौन पाळणे शक्य नव्हते. १९३१ मध्ये या धंद्यासाठी खास नियम झाले आणि १ मार्च १९३२ पासून ते लागू झाले. धूळ ओढून घेणारे पंखे बसवावेत, कामगारांची वैद्यकीय तपासणी व्हावी, रोग्यास भरपाई मिळावी, अशी व्यवस्था झाली. एखाद्या राष्ट्राने या धुळीवर केलेला हा पहिला महत्त्वाचा कायदा होय.

परंतु त्याला एक मोठी मर्यादा होती. ज्या कारखान्यांत ॲस्बेस्टॉसपासून वस्तू तयार होत, तेथील विशिष्ट कामांपुरताच तो कायदा होता. माल फाटकाबाहेर पडला की, त्याच्या बरोबर जाणारा धोका कायद्याच्या दृष्टीने जणू नाहीसा होत असे. तेच दगडी सूत जहाजाच्या इंजिनघरात नळीवर गुंडाळणारा कारागीर, तीच पूड पाण्यात कालवून बॉयलरला लिंपणारा मिस्त्री, तेच तक्ते करवतीने कापणारा सुतार, यांच्यापर्यंत तो नियम पोहोचला नाही. आणि नेमक्या याच काळात ॲस्बेस्टॉस कारखान्यांतून निघून इमारतींत शिरत होते. १९३० नंतरच्या दशकात पोलादी तुळयांवर व छतांवर ॲस्बेस्टॉसचा फवारा मारण्याची युक्ती निघाली. महायुद्धानंतर घरांची, दवाखान्यांची, शाळांची टंचाई पडली. स्वस्त, हलके आणि आगीपासून सुरक्षित असे साहित्य हवे होते. १९५७ मध्ये नॉटिंगहॅमशायर आणि इतर काही परगण्यांनी एकत्र येऊन तयार सांगाड्याच्या शाळा उभारण्याची योजना हाती घेतली; अशा शाळांच्या भिंती, खांबांची आवरणे आणि छते यांत ॲस्बेस्टॉसचे तक्ते सर्रास बसविले गेले. आगीपासून मुलांचे रक्षण व्हावे हाच त्यामागील हेतू होता, आणि तो प्रामाणिक होता. संकट नेहमी दुष्टाव्यानेच येते असे नाही. कित्येकदा ते काळजीचा वेष घेऊन येते.

इमारती अशा भरत असतानाच वैद्यकशास्त्राची पावले पुढे पडत होती. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात वीस किंवा अधिक वर्षे काढलेल्या ११३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सामान्य लोकांच्या मानाने त्यांच्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाने एकाचाही मृत्यू अपेक्षित नव्हता, झाले अकरा. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर आणि त्यांचे सहकारी यांनी वायव्य केप भागातील ३३ रोग्यांची माहिती दिली. फुफ्फुसावरील पातळ आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा दुर्मीळ कर्करोग त्यांना झाला होता, आणि जवळजवळ सर्वांचा संबंध तेथल्या निळ्या ॲस्बेस्टॉसशी पोहोचत होता. त्यांतले सगळेच काही खाणकामगार नव्हते. कित्येक जण लहानपणी खाणीच्या आसपास वाढले होते, एवढेच. १९६४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी इमारतींत वेष्टणाचे काम करणाऱ्या ६३२ कामगारांच्या नोंदी तपासून दाखवून दिले की, कारखान्याचे तोंडही न पाहिलेले हे लोक त्याच रोगांनी मरत आहेत.

लंडनमध्ये न्यूहाउस व टॉम्पसन या संशोधकांनी १९६५ मध्ये जे मांडले त्याने तर फाटकाची कल्पनाच मोडून पडली. मेसोथेलिओमाच्या ७६ रोग्यांपैकी ३१ जणांनी ॲस्बेस्टॉसचे काम केले होते. नऊ जणांनी ते कधीच केले नव्हते. पण त्यांच्या घरातील माणूस ते काम करीत असे आणि त्याचे धुळीचे कपडे घरी येत. त्या नवांपैकी सात स्त्रिया होत्या. उरलेल्या ३६ पैकी अकरा जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले होते. नवऱ्याचा डगला दाराशी झटकून धुवावयास टाकणे, एवढाच ज्यांचा त्या धंद्याशी संबंध, त्यांनाही त्या धंद्याने सोडले नाही.

या निष्कर्षांनंतर नियम बदलणे भागच होते. १९६९ मध्ये नवे नियम झाले आणि ते मे १९७० पासून अमलात आले. कारखान्याबरोबर इमारतींची कामेही त्यांच्या कक्षेत आली. त्यांत एक लहानसे कलम होते: निळ्या ॲस्बेस्टॉसचे काम करावयाचे असल्यास २८ दिवस आधी निरीक्षकास लेखी कळविले पाहिजे. आजच्या परवाना-पद्धतीचे बीज या कलमात आहे. धूळ उडाल्यावर पंचनामा करण्याऐवजी, धूळ उडण्यापूर्वी जाब विचारण्याचा अधिकार समाजाने प्रथमच आपल्या हाती घेतला.

पण सूचना कोणी द्यावयाची हे ठरले, तरी काम कोणी करावयाचे हे ठरले नव्हते. धोका कळल्यावर जुने वेष्टण काढून टाकण्याची घाई सुरू झाली, आणि या नव्या धंद्यात कोणीही उतरू लागले. ज्याच्याजवळ मोटार आणि शिडी आहे तो कंत्राटदार. अशा हातांनी केलेले काम न केल्याहून वाईट ठरते, कारण भिंतीत शांत पडून राहिलेला तंतू ते हवेत मोकळा करते. याच सुमारास यॉर्कशायरमधील हेब्डन ब्रिज येथील एकर मिल या बंद पडलेल्या कारखान्याच्या माजी कामगारांची दुःस्थिती पार्लमेंटपर्यंत पोहोचली, आणि सरकारी देखरेख कशी ढिली होती याची चौकशी होऊन १९७६ मध्ये ती प्रकाशात आली. त्याच वर्षी बिल सिम्पसन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९७९ मध्ये तिने अंतिम अहवाल दिला. वेष्टण काढणाऱ्या कंत्राटदारांना परवाना सक्तीचा करावा, ही तिच्या शिफारशींपैकी एक होय.

अहवाल येतात आणि कपाटात जातात. या अहवालाला कपाटाबाहेर काढले ते एका बाईने. ॲलिस जेफरसन हिने तरुणपणी एकर मिलमध्ये अवघे काही महिने काम केले होते. त्यानंतर लग्न, मुलेबाळे, संसार, असे सर्वसाधारण आयुष्य तिने काढले. आणि मग मेसोथेलिओमा प्रकट झाला. तिच्या अखेरच्या दिवसांचे चित्रण यॉर्कशायर टेलिव्हिजनने केले आणि जुलै १९८२ मध्ये ते साऱ्या ब्रिटनने पाहिले. तोवर ४७ वर्षांची ॲलिस या जगात नव्हती. आकड्यांनी जे अर्ध्या शतकात झाले नाही ते त्या एका रात्री झाले. पुढच्याच वर्षी परवान्याचे नियम मंजूर झाले आणि १ ऑगस्ट १९८४ पासून, ॲस्बेस्टॉसचे वेष्टण किंवा लेप यांवर काम करावयाचे तर हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी संस्थेचा परवाना असलाच पाहिजे, असा दंडक झाला. निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८६ च्या आरंभापासून बंदी आली. पांढऱ्यावर ती यावयास १९९९ चा नोव्हेंबर उजाडला.

आजचा कायदा २०१२ चा आहे. त्यातील परवाना इमारतीला मिळत नाही, काम करणाऱ्याला मिळतो. आणि तोही मुदतीचा, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. मुदत संपली की, मागील कामाचा हिशेब पाहूनच तो नवा होतो. प्रत्येक कामाची वेगळी सूचना १४ दिवस आधी द्यावयाची, ती एवढ्यासाठी की, निरीक्षकाला वाटल्यास त्याने आराखडा तपासावा, जागेवर यावे, काम थांबवावे. पाडकाम किंवा मोठी दुरुस्ती असेल तर आधी इमारतीची पाहणी करून कोठे काय दडले आहे ते शोधावे लागते. मग कामाच्या जागेभोवती जाड प्लॅस्टिकची बंद खोली उभारतात. तिच्यातील हवा यंत्राने सतत ओढून गाळली जाते, म्हणजे एखादे छिद्र राहिलेच तर बाहेरची हवा आत येते, आतली बाहेर जात नाही. वेष्टण आधी पाण्याने भिजवून मगच सोडवतात, कारण ओला तंतू उडत नाही. कामगार मुखवटा व अंगभर पोशाख घालतो आणि बाहेर पडताना स्नान केल्याशिवाय स्वतःचे कपडे चढवीत नाही. १९६५ मध्ये ज्या सात स्त्रियांची नोंद झाली, त्यांची आठवण जणू त्या स्नानगृहात जपली गेली आहे. निघालेला माल दुहेरी पिशव्यांत, आतली तांबडी व बाहेरची पारदर्शक, बंद होतो आणि नोंदीच्या कागदासह ठरलेल्या जागी पुरला जातो.

काम संपल्यावर चार टप्प्यांची तपासणी होते. जागा व काम पुरे झाले की नाही हे प्रथम पाहतात. नंतर बंद खोलीत शिरून कोपरान्‌कोपरा डोळ्यांनी तपासतात. मग हवेचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजतात. आणि शेवटी खोली उतरविल्यावर पुन्हा एकदा पाहणी करतात. हवेच्या दर मिलिलिटरमागे तंतूंचे प्रमाण ०.०१ च्या खाली असावे लागते. मगच जागा वापरण्याचा दाखला मिळतो. कामगारांच्या तपासणीच्या नोंदी ४० वर्षे जपाव्या लागतात. हा आकडा कुणाच्या लहरीने आलेला नाही; रोग जितका काळ वाट पाहतो, तितकाच काळ कागदानेही वाट पाहावी, एवढाच त्याचा अर्थ.

सर्वच कामांना हा परवाना लागतो असे मात्र नाही. येथे कायद्याने तारतम्य ठेवले आहे. तंतू ज्या पदार्थात सैल आहे, जसे नळीचे वेष्टण, फवाऱ्याचा लेप, मऊ तक्ते, तेथे परवाना हवाच. तंतू जेथे सिमेंटमध्ये घट्ट बांधलेला आहे, जसे छपराचे पत्रे, तेथे पत्रा शाबूत असेल आणि न फोडता उतरविता येत असेल तर परवान्याची गरज नसते. पण कामगारांना शिक्षण दिलेले असणे व काळजी घेणे बंधनकारक असते. तसेच, सगळे ॲस्बेस्टॉस उपटून काढा, असेही कायदा म्हणत नाही. जे धड आहे आणि ज्याला कुणाचा धक्का लागत नाही ते तेथेच राहू द्यावे, पण ते कोठे आहे याची नोंद ठेवावी व त्यावर नजर ठेवावी, अशी जबाबदारी मे २००४ पासून शाळा, कचेऱ्या, दवाखाने अशा इमारतींची व्यवस्था पाहणाऱ्यांवर टाकलेली आहे. भिंतीला खिळा ठोकणाऱ्या सुताराला त्या भिंतीत काय आहे हे आधी कळले पाहिजे, हा त्यातला आशय.

अमेरिकेने याच ठिकाणी वेगळ्या वाटेने मजल मारली. तेथील पर्यावरण संस्थेने १९७३ मध्ये इमारतींवरील ॲस्बेस्टॉसच्या फवाऱ्यावर निर्बंध घातले आणि पाडकामाची आगाऊ सूचना देण्याची प्रथा पाडली. आता ती सूचना कामाच्या दहा दिवस आधी द्यावी लागते, सुट्टीचे दिवस त्यात धरत नाहीत. १९८६ च्या कायद्याने प्रत्येक शाळेची तपासणी आणि व्यवस्थापनाचा आराखडा आवश्यक झाला. बंदीच्या बाबतीत मात्र तो देश मागे राहिला. १९८९ चा व्यापक बंदीचा नियम १९९१ मध्ये न्यायालयात बहुतांशी रद्द झाला, आणि पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरील बंदीचा नियम जाहीर व्हावयास मार्च २०२४ उजाडला.

रॉचडेलची ही कथा आपल्याला दूरची वाटू नये. त्या गावच्या गिरणीतून वाढलेल्या टर्नर अँड न्यूअल समूहाचे हात मुंबईपर्यंत पोहोचले होते. मुलुंडला सिमेंटचे पत्रे आणि घाटकोपरला गाड्यांच्या ब्रेकची अस्तरे तयार होत. हैदराबादेत १९४६ मध्ये ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या मालाची स्वतंत्र कंपनी निघाली. कौले शाकारण्याची दरसालची यातायात या पत्र्यांनी वाचविली, म्हणून गिरण्या, गोदामे, बाजार, शाळा आणि गरिबांची घरे यांच्यावर ते चढले. भारत सरकारने १९८६ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे थांबविले. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा दिला. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपाव्यात असे फर्मावले, आणि बाधित कामगारास एक लाख रुपये भरपाई ठरविली. नोंदीच्या बाबतीत लंडन आणि दिल्ली येथे चाळिसाचाच आकडा यावा, हा योगायोग नव्हे. तंतूला देशांच्या सीमा ठाऊक नसतात.

याचे एक बोलके उदाहरण २००६ मध्ये घडले. क्लेमान्सो नावाची फ्रेंच नौदलाची जुनी विमानवाहू नौका मोडीत काढण्यासाठी गुजरातच्या अलंग किनाऱ्याकडे निघाली होती. तिच्या पोटात टनावारी ॲस्बेस्टॉस होते. भारतात व फ्रान्समध्ये विरोध झाला, प्रकरण दोन्हीकडच्या न्यायालयांत गेले, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष शिराक यांनी नौकेला परत बोलाविले. अखेरीस ती मोडली गेली ती इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलजवळ. ज्या देशात या दगडाचे सूत काढताना नेली कर्शॉ गेली, त्याच देशातील नियमांच्या चौकटीत त्या नौकेचे वेष्टण उतरले. अलंगच्या वाळूवर ते उतरले असते तर त्याची नोंद कुणाच्या फुफ्फुसात झाली असती, याची कल्पना करणे अवघड नाही.

या साऱ्या नियमांवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. परवान्याचे काम महाग पडते, वेळ खाते. त्यामुळे काही लोक रात्रीत पत्रे फोडून नाल्यात टाकतात आणि धोका कमी होण्याऐवजी वाढतो. हे घडते, हे खरे. परंतु यावरून परवाना नको असे ठरत नाही. त्याच्या जोडीला माल स्वीकारणारी जागा आणि लोकांना कळेल अशी माहिती हवी, एवढेच ठरते. आपल्याकडच्या जुन्या पत्र्याच्या बाबतीत ती माहिती चार वाक्यांत सांगता येते. धड पत्रा उगाच काढू नये. काढावाच लागला तर आधी भिजवून, नटबोल्ट सोडवून, अखंड उतरवावा. त्याला करवत, कानस, ड्रिल लावू नये आणि तो वरून खाली फेकू नये. तुकडे झाडूने कोरडे झाडू नयेत, आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

ब्रिटनमध्ये बंदीला वीस वर्षे उलटून गेल्यावरही मेसोथेलिओमाने वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक माणसे मरत होती. हे मृत्यू आजच्या हलगर्जीपणाचे नव्हेत. ती बहुतेक १९८० च्या आधी उडालेली धूळ आहे. आज नीट केलेल्या कामाचे फळ कुणाला मिळेल, हेही याच हिशेबाने ठरते. ज्या मुलांच्या वर्गाखाली ते वेष्टण शास्त्रशुद्ध रीतीने उतरविले जाते, ती मुले साठीला पोहोचतील तेव्हा त्यांना त्या तळघराची, त्या दाखल्याची किंवा त्यावर सही करणाऱ्या माणसाची आठवण असणार नाही. काम चोख झाल्याची तीच खूण ठरेल.